कुंपण नसलेल्या मुलखातला मुक्काम

दिवाळीची सुट्टी लागली की घरोघरी एक बैठक बसते. मुलांना पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या हव्या असतात, आजी-आजोबांना देवदर्शन हवं असतं, आईला दोन दिवस गॅसपुढे उभं राहायचं नसतं आणि वडील मोबाइलवर 'माणशी किती' ते बघत असतात. पुण्या-मुंबईकडच्या घरांत या बैठकीत हल्ली दोन पर्याय हमखास निघतात. एक, खोपोलीच्या इमॅजिकासारखं थीम पार्क, लागून असलेल्या हॉटेलातल्या मुक्कामासकट. दुसरा, 'जुन्नरकडे' किंवा 'भीमाशंकर रोडला' एखादं रिसॉर्ट, नाहीतर कृषी पर्यटन केंद्र, नाश्ता-जेवण-शिवारफेरीसकट. दोन्हींच्या जाहिराती सारख्याच दिसतात. त्यामुळे निवडही एकाच रीतीने होते: फोटो बघायचे, पोहायचा तलाव आहे का ते विचारायचं, दरात घासाघीस करायची आणि आगाऊ रक्कम पाठवून मोकळं व्हायचं.

थीम पार्कसाठी एवढं पुरतं. जुन्नर-आंबेगावसाठी पुरत नाही. इथे मुक्काम कुठे करायचा हे ठरवताना आपण काय बघणार, काय खाणार, कोणत्या रस्त्याने फिरणार आणि आपला पैसा कोणाच्या हातात पडणार, हे सगळं एकदमच ठरत असतं. म्हणून ही निवड जरा नीट, सवडीने करायला हवी.

भिंतीच्या आतला हिशेब

वॉल्ट डिस्नेने १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइम गावात डिस्नेलँड उघडलं. उद्यान धडाक्यात चाललं आणि बघता बघता त्याच्या भोवती दुसऱ्यांची मोटेलं आणि खाणावळी उभ्या राहिल्या. पाहुणा यायचा डिस्नेच्या नावावर, पण त्याच्या मुक्कामाचा पैसा पडायचा शेजाऱ्याच्या गल्ल्यात. फ्लोरिडात दुसरं उद्यान काढायचं ठरलं तेव्हा ही कसर भरून काढली गेली. तिथे सुमारे २७ हजार एकर जमीन आधीच घेऊन ठेवली आणि १९७१ मध्ये डिस्ने वर्ल्ड उघडलं ते स्वतःच्या हॉटेलांसकट. तिकीट, खोली, जेवण, ने-आण, सगळं एकाच मालकाचं. आज जगभर सुट्टीचं जे पॅकेज विकलं जातं, त्याचा साचा बराचसा तिथे घडला.

आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हा दिवसभर खेळून संध्याकाळी बोटीने घरी परतायचं, असाच रिवाज होता. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं आणि पुढे त्याला लागूनच हॉटेल आलं, तसा मराठी कुटुंबांनाही 'उद्यान अधिक रात्रीचा मुक्काम' हा हिशेब ओळखीचा झाला. आज इमॅजिका ज्या मालपाणी समूहाकडे आहे, तो जुन्नरच्या शेजारच्या संगमनेरचा. म्हणजे पुणे-नाशिक रस्त्यावर आळेफाट्याच्या पुढे असलेल्या गावातल्या लोकांच्या हाती हा धंदा आहे. त्याचा अनुभव या भागाला अगदी परका नाही.

थीम पार्कचा मोठा गुण असा की तिथे आश्चर्य नेमून दिलेलं असतं. जूनमध्ये जा किंवा डिसेंबरमध्ये, पाळणा तेवढाच उंच जातो. रांग किती, जेवण कुठे, मुलाची उंची किती हवी, सगळं लिहिलेलं असतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना या खात्रीला किंमत आहे. ज्या कुटुंबाला सुट्टीत काहीही ठरवायचं नाही, त्याने खुशाल तिकडे जावं.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके याच्या नेमके उलट आहेत. इथे कुंपण नाही. बघण्याची ठिकाणं दोन तालुक्यांत विखुरलेली आहेत, ती कोणा एकाच्या मालकीची नाहीत आणि त्यातली निम्मी ठिकाणं महिन्यागणिक रूप बदलतात. खोली एकाची, जेवण दुसऱ्याचं, किल्ला पुरातत्त्व खात्याचा, देऊळ देवस्थानचं, धबधबा वनखात्याच्या हद्दीतला आणि ऊस शेतकऱ्याचा. पाहुण्याचा पैसा कुठे जाईल हे इथे कोणतीही भिंत ठरवत नाही, पाहुणा ठरवतो.

एका तालुक्यात किती काय

राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात शिवनेरी आहे. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो हा गड. अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलाला खरा किल्ला दाखवायचा तर याहून चांगली सुरुवात नाही. एकामागून एक सात दरवाजे ओलांडत, शिवाई देवीचं दर्शन घेत, गंगा-जमुना टाक्यांचं गार पाणी बघत गेलं की गड कसा राखला जात असेल ते मुलाच्या पायांनाच कळतं.

पण शिवनेरी हे या भागाचं फक्त दार आहे. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त कोरीव लेणी आहेत. भारतात एका गावाच्या परिसरात इतकी लेणी दुसरीकडे नाहीत. तुळजा लेण्यातला चैत्य गोल आहे आणि मधल्या स्तूपाभोवती बारा खांबांचं कडं आहे. लेण्याद्रीचा गिरिजात्मज हा डोंगरातल्या बौद्ध लेण्यात बसलेला एकमेव अष्टविनायक. तिथे सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. कुकडीच्या काठावर ओझरचा विघ्नहर. पश्चिमेला घाटमाथ्यावर नाणेघाट: सातवाहनांच्या काळचा व्यापारी मार्ग, गुहेच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. शेजारी जीवधन, पुढे चावंड, हडसर, निमगिरी.

पूर्वेला खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात द्राक्षबागा आणि कांद्याच्या वावरांमधून उभ्या आहेत. बोरी बुद्रुकला कुकडीच्या पात्राकाठी प्राचीन ज्वालामुखीची राख सापडते. तिचं नातं थेट सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जोडलं जातं. त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली आहेत. हीच कुकडी खाली पारनेर तालुक्यात निघोजला पोचते आणि तिथे खडकात रांजणखळगे कोरते.

आंबेगाव तालुक्याचं वैभव निराळ्या जातीचं आहे. घोडेगाववरून पश्चिमेला गेलं की डिंभे धरणाचा जलाशय लागतो. त्याला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा होऊन ज्याने प्राण दिले, तो बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. पुढे आहुपे, तिथली देवराई आणि कोकणात उतरणारा कडा. भीमाशंकरचं जंगल, ज्याला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जिथे नशीब असेल तर शेकरू फांद्यांवरून झेप घेताना दिसतं.

यादी लांबली, पण ती देण्यामागे कारण आहे. दोन रात्रींच्या पॅकेजमध्ये 'जुन्नर दर्शन' म्हणून यातली आठ-दहा ठिकाणं कोंबलेली असतात. ती बघून होत नाहीत, फक्त गाडीतून उतरून फोटो निघतात.

आधी बाजू ठरवा, मग खोली

नकाशा समोर ठेवला तर हा मुलूख तीन पट्ट्यांत वाटलेला दिसतो. पश्चिमेला घाटमाथा: माळशेज, नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर. मध्ये जुन्नर, ओझर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव ही बाजाराची आणि देवस्थानांची पट्टी. पूर्वेला आळेफाटा, राजुरी, बोरी, खोडद, आणे अशी शेतीची आणि पठाराकडे चढत जाणारी बाजू. पश्चिमेकडचा रस्ता वळणांचा आणि अरुंद, पूर्वेकडचा सरळ. पूर्वेला राहून रोज नाणेघाट किंवा भीमाशंकर गाठायचं म्हटलं तर सुट्टी गाडीतच सरते.

म्हणून पहिला प्रश्न खोलीचा नसावा, बाजूचा असावा. घरात ज्येष्ठ मंडळी असतील, अष्टविनायक करायचे असतील, तर मधल्या पट्टीत राहावं. शेती, मुलं, मोकळं अंगण आणि खोडदची दुर्बीण हवी असेल तर पूर्वेला. जंगल, पाऊस, गडवाटा हव्या असतील तर पश्चिमेला. दोन रात्रींत एक बाजू, तीन रात्री असतील तर दोन. तिसरी बाजू पुढच्या वर्षी.

चार तऱ्हेचे मुक्काम

पहिला मुक्काम भक्तनिवासाचा. ओझर आणि लेण्याद्रीला देवस्थानांच्या खोल्या आहेत. साध्या, स्वच्छ, खिशाला झेपणाऱ्या. पहाटेची आरती चालत जाऊन मिळते आणि ज्येष्ठांना गाडीत बसून धावपळ करावी लागत नाही. लेण्याद्रीच्या पायऱ्या झेपणार नसतील तर डोलीची सोय आहे. डोलीवाल्यांशी दर आधीच बोलून घ्यावा. अंगारकी आणि माघी गणेश जयंतीला मात्र इथे मुंगी शिरायला जागा नसते. त्या दिवसांत भाव असेल तरच यावं, विश्रांती हवी असेल तर टाळावं.

दुसरा मुक्काम सरकारी. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं माळशेज घाटातलं निवासस्थान अगदी कड्याच्या अंगाला आहे. या निवासस्थानांची खरी श्रीमंती जागेत असते; पावसाळ्यात खिडकीबाहेर ढग येऊन थांबतात, त्याची बरोबरी कुठलंही खासगी हॉटेल करू शकत नाही. पावसाळ्यातले शनिवार-रविवार फार आधी भरतात. मधल्या वारी गेलात तर तीच खोली आणि तोच कडा निवांत मिळतो.

तिसरा मुक्काम खासगी रिसॉर्टचा. पुणे-नाशिक महामार्ग रुंद झाला, नारायणगाव-मंचरला बाह्यवळण रस्ते झाले आणि धरणांच्या काठांवर, महामार्गाच्या अंगाला पोहण्याचा तलाव, रेन डान्स, हिरवळ अशी रिसॉर्टं वाढली. ज्यांना मुलांना पाण्यात सोडून स्वतः निवांत बसायचं आहे त्यांच्यासाठी ती योग्य आहेत. मात्र पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: तलावावर जीवरक्षक असतो का, उन्हाळ्यात पाणी कुठून येतं आणि रात्री आवाज किती वाजता बंद होतो. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं याच दोन तालुक्यांत आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. तरीही पश्चिमेकडच्या कितीतरी वाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. ज्याच्या तलावात पाणी खेळतं, त्याने ते कुठून आणलं हे विचारणं पाहुण्याचा हक्क आहे आणि कर्तव्यही.

चौथा मुक्काम शेतकऱ्याच्या दारातला. २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामतीजवळ पळशीवाडीत कृषी पर्यटनाची रुजवात केली. मग ही कल्पना जिल्हाभर पसरली. शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली सर्वांना ठाऊक झाली, जुन्नरमध्ये राजुरीच्या पराशर कृषी पर्यटनासारखी केंद्रं उभी राहिली. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं आणि पर्यटन संचालनालयाकडे अशा केंद्रांची नोंदणी होऊ लागली. या लेखाचा कल या चौथ्या मुक्कामाकडे आहे, हे उघडच सांगतो. त्याचं कारण पुढे येईल.

मासवडीचा तास

चांगलं कृषी पर्यटन केंद्र ओळखायचं कसं? सकाळी अकराच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभं राहावं.

मासवडी हा या भागाचा मान आहे. ओतूर, जुन्नर, नारायणगाव, मंचर, कुठल्याही घरात पाहुणा आला की ती होते. तीळ आणि सुकं खोबरं आधी वेगवेगळं भाजतात. कांदा तेलात लाल होईस्तोवर परततात. लसूण, कोथिंबीर, मसाला घालून हे सारण जाडसर वाटतात. दुसऱ्या चुलीवर फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन वैरतात आणि ते घट्ट होईस्तोवर घोटत राहतात. मग खरं कसब सुरू होतं. ताटावर ओलं फडकं पसरायचं, त्यावर तो वाफाळता गोळा टाकायचा आणि पाण्यात हात बुडवत बुडवत थापायचा. हात थांबला तर भाजतो, जास्त ओला झाला तर पोळी फाटते. सारण पसरायचं आणि फडक्याच्याच आधाराने पोळी दोन्ही बाजूंनी मिटून वर निमुळती दाबायची. दोन मिनिटं तशीच राहू द्यायची, मग सुरीने वड्या पाडायच्या. सोबत लाल तर्रीचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा.

हे काम घाईत होत नाही आणि पन्नास माणसांसाठी एकट्या बाईने होत नाही. जिथे मासवडी खरोखर चुलीजवळ थापली जाते, तिथे वाडीतल्या चार-पाच बायकांच्या हाताला काम मिळालेलं असतं, तीळ-बाजरी जवळच्या बाजारातून आलेली असते आणि मालकीण स्वतः वाढायला उभी असते. जिथे पनीर आणि नूडल्स पुढे येतात, तिथे स्वयंपाकी बाहेरचा आहे आणि किराणा शहरातून येतो, असं बहुतेक वेळा समजावं. कार्डावर 'अस्सल गावरान' लिहिलंय का, याला काही अर्थ नाही. फोनवर एवढंच विचारावं, "ताई, मासवडी तुम्ही स्वतः करता का? आम्ही बघायला आलो तर चालेल का?" पलीकडून "या की, लवकर या" असं आलं की समजावं, जागा योग्य आहे.

हंगाम हाच मालक

थीम पार्कच्या पॅकेजवर तारीख लिहिलेली असते. इथल्या पॅकेजवर हंगाम लिहिलेला असायला हवा, आणि तो क्वचितच असतो. 'द्राक्षबागेची सफर' वर्षभर विकली जाते. पण नारायणगाव-जुन्नर पट्ट्यातली द्राक्षं जानेवारी-फेब्रुवारीत गोडीला येतात आणि मार्च संपेपर्यंत चालतात. दिवाळीत बागेत गेलात तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतरची कोवळी फूट दिसेल, घड दिसणार नाही. पावसात ही फूट कशी जपतात, फवारणीचा खर्च किती, घडाचं विरळण कसं करतात, हे शेतकऱ्याच्या तोंडून ऐकणं दिवाळीतही मोलाचं आहे. फक्त मुलांना 'द्राक्षं तोडायला नेतो' असं कबूल करू नये.

डिसेंबरच्या अखेरीपासून पूर्वेकडे हुरडा सुरू होतो. शेणीच्या आगटीत भाजलेली ज्वारीची कणसं, हातावर चोळून काढलेले हिरवे दाणे, लसणाची चटणी, दही, गूळ. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीचे लोक सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. ज्याला लोककलेची ओढ आहे त्याने त्या दिवसांत यावं. चैत्र-वैशाखात यात्रांमधून बैलगाडा घाट गजबजतात. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून आंबेगाव-जुन्नर-खेडच्या यात्रांना पुन्हा पूर्वीची कळा आली आहे. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदच्या दुर्बिणीवर विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शाळाच्या शाळा तिथे लोटतात. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर सगळी सहल या तारखेभोवती आखावी, इतकं ते मोलाचं आहे. दुर्बिणीजवळ मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण त्या तबकड्या आकाशातल्या अतिक्षीण लहरी टिपत असतात आणि खिशातला फोन त्यात अडथळा आणतो.

आणि पावसाळा. नाणेघाटात वाऱ्याने उलटा वर उडणारा धबधबा, माळशेजचं धुकं, आहुपेचा हिरवा कडा यांची चित्रं मोबाइलवर फिरतात आणि जुलैच्या रविवारी अरुंद रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. याच डोंगररांगांत आपण पावसाळी पॅकेज घेऊन जातो. अतिवृष्टीचा इशारा असेल तर आगाऊ रकमेचा मोह सोडून सहल पुढे ढकलावी. बुकिंग करतानाच विचारावं, की घाट बंद झाला किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनाला मनाई केली तर पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल. याचं उत्तर लेखी घ्यावं. जो मालक स्वतःहून म्हणतो, "साहेब, या आठवड्यात नका येऊ, पाऊस फार आहे," त्याचा नंबर जपून ठेवावा.

बिबट्याचा शेजार

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले आणि उसात बिबट्या राहायला आला. उसातच पिल्लं जन्मली, वाढली. पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडून प्रश्न सुटत नाही, उलट हल्ले वाढू शकतात, हे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आलं. त्या अभ्यासाची सुरुवात या जुन्नरमधून झाली. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे. जखमी, अनाथ, पकडलेले बिबटे तिथे सांभाळले जातात. ते प्राणिसंग्रहालय नव्हे. 'बिबट्या दाखवतो' असं पॅकेजमध्ये कोणी म्हणत असेल तर ते पॅकेज घेऊच नये.

या भागातल्या माणसांनी या शेजारापायी लेकरं गमावली आहेत. पाहुण्याने त्याचा थरार म्हणून उल्लेख करू नये आणि त्याकडे दुर्लक्षही करू नये. मुक्काम निवडताना विचारावं: खोल्या उसाला लागून आहेत का, जेवणघर ते खोली या वाटेवर दिवे आहेत का, आवाराला जाळी आहे का, रात्री राखणीला कोण असतं. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नये, शेकोटीनंतर उसाच्या बांधाने फिरायला जाऊ नये. चांगला यजमान हे सगळं पोचल्या पोचल्या सांगतो.

ओतूरजवळ आंबेगव्हाणला बिबट सफारी उभारण्याचा प्रस्ताव आहे. ती झाली तर या भागाला पहिल्यांदाच तिकीट आणि कुंपण असलेलं मोठं आकर्षण मिळेल आणि गर्दीही वाढेल. त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण ती कशी होते यावर सगळं अवलंबून आहे. सफारीच्या दारातच हॉटेल, खाणावळ, दुकान सगळं एका ठेक्यात गेलं तर पाहुणा महामार्गावरून येईल, वाघराचं दर्शन घेईल आणि ओतूरच्या बाजारात पाऊल न टाकता परत जाईल. उलट तिकीटघर तेवढं आत आणि मुक्काम-जेवण भोवतालच्या गावांत, अशी आखणी झाली तर अॅनाहाइमला जे आपोआप घडलं ते इथे ठरवून घडवता येईल. ज्या शेतकऱ्याची शेळी बिबट्याने नेली, त्याच्याच ओसरीवर बिबट्या बघायला आलेला पाहुणा जेवावा, यात एक न्याय आहे.

फोनवर काय विचारायचं

दर विचारण्याआधी काही प्रश्न विचारून घ्यावेत. तुमची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? जमीन तुमची आहे की भाड्याने घेतली आहे? या महिन्यात शेतात काय उभं आहे? गड किंवा लेणी दाखवायला कोण येतं, गावातलाच का? जवळचा दवाखाना किती अंतरावर? ज्येष्ठांसाठी खाली खोली आणि कमोड आहे का? दराचं म्हणाल तर माणशी दरात काय येतं आणि काय येत नाही ते लिहून घ्यावं: दोन्ही वेळचं जेवण, चहा, बैलगाडी, ट्रॅक्टरफेरी, गाइड, मुलांचा अर्धा दर कितव्या वर्षापर्यंत. बिल मागावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. कोणी जुन्या १२ टक्के दराने कर लावत असेल तर विचारायला संकोचू नये.

मग घासाघीस. ती जरूर करावी, पण कुठे करायची ते ठरवून. मोठ्या रिसॉर्टच्या दरात शनिवार-रविवारचा अधिभार असतो, तिथे मधल्या वारी जाऊन पैसे वाचवावेत. शेतकऱ्याच्या माणशी दरातून शंभर रुपये कापले तर ते बहुधा भाकरी थापणाऱ्या बाईच्या मजुरीतून जातात. तिथे हात आखडता घेऊ नये.

दोन रात्रींचा एक आराखडा

कुटुंबात तीन पिढ्या असतील आणि महिना जानेवारी-फेब्रुवारीचा असेल, तर असं करून पाहावं. पहिल्या दिवशी सकाळी निघून थेट ओझर, दर्शन, दुपारचं जेवण तिथेच. संध्याकाळी पूर्वेला शेतातल्या मुक्कामी; मधली पट्टी अशी जाता-येताच करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी द्राक्षबाग किंवा हुरडा, दुपारी मासवडी आणि झोप. हो, झोप, पॅकेजमध्ये ती कोणी लिहीत नाही. ऊन उतरल्यावर बोरीच्या नदीकाठी. तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे शिवनेरी. आजी-आजोबांना चढ झेपत नसेल तर त्यांनी जुन्नरच्या जुन्या पेठेत थांबावं, बाकीच्यांनी गड करावा. परतताना नारायणगावच्या बाजारातून भाजी, द्राक्षं, कांदा घरी न्यावा. वाटाड्या गावातला घ्यावा आणि त्याची मजुरी त्याच्या हातात द्यावी.

एवढ्यात लेण्याद्री राहिली, नाणेघाट राहिला, आहुपे राहिलं. राहू द्यावं. ही ठिकाणं कुठे जात नाहीत.

सरकारकडून, जिल्हा परिषदेकडून मागण्यासारखंही बरंच आहे. पर्यटन तालुका म्हणून पाटी लागली, पण पाहुण्याला सर्वांत आधी लागतं ते स्वच्छ स्वच्छतागृह, विशेषतः बायकांसाठी. मग लेण्यांकडे जाणारे दिशाफलक, जुन्नर आणि नारायणगाव बसस्थानकांतून सुट्टीच्या दिवशी गड-लेण्यांकडे एसटीच्या फेऱ्या, पावसाळ्यात घाटरस्त्यांवर गाड्यांच्या संख्येला आवर आणि कचरा उचलायला ग्रामपंचायतींना हक्काचा निधी. वारशाच्या यादीत शिवनेरीचं नाव आलंच आहे, आता पायथ्याच्या गावांच्या पदरात काय पडतं यावर त्या मानाचं मोल ठरेल.

तोवर पाहुण्याच्या हातात जे आहे ते थोडं नाही. एका कुटुंबाचे दोन रात्रींचे पैसे एका मालकाच्या खात्यात जाऊ शकतात, किंवा देवस्थानच्या खानावळीत, डोलीवाल्याकडे, मासवडी थापणाऱ्या बायकांकडे, गावातल्या वाटाड्याकडे आणि बाजारातल्या भाजीवालीकडे वाटले जाऊ शकतात. खर्च तेवढाच येतो. तेव्हा यंदाच्या बैठकीत 'माणशी किती' हा प्रश्न विचारून झाला की 'कोणाकोणाला किती' हा दुसराही प्रश्न विचारा आणि ज्या यजमानाला त्याचं उत्तर देता येतं, त्याच्याकडे खोली धरा.